कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ: आठवी ते दहावीच्या वर्गात नेमकं कसं शिकवायचं?

नागनदी | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

हिवाळी अधिवेशन तोंडावर आलंय. नागपुरातल्या शाळांना हा विषय काढायला याहून चांगली वेळ नाही. सिव्हिल लाइन्समध्ये बॅरिकेड लागतात, मोर्चे निघतात, मंत्री उतरतात त्या रवी भवनाला रंग लागतो. मुलांना हे सगळं दिसतं, पण आत कोण काय करतं आणि कोणाला काय करता येत नाही, हे त्यांना सांगता येत नाही.

अडचण पुस्तकांच्या रचनेतही आहे. संसदीय शासन पद्धती, संसद, केंद्रीय कार्यकारी मंडळ, न्यायव्यवस्था, राज्यशासन, नोकरशाही हे सगळं आठवीत येतं. नववीचं राज्यशास्त्र परराष्ट्र धोरण, संरक्षण आणि संयुक्त राष्ट्रांकडे वळतं. दहावीचं 'संविधानाची वाटचाल' तर मुलांना आठवीचं सगळं येतं असं धरूनच सुरू होतं. म्हणून दहावीलाही सुरुवातीला दोन तासिका उजळणीसाठी काढाव्याच लागतात.

माझं म्हणणं असं: व्याख्या आधी सांगू नका, आधी कागद हातात द्या. तीन कागद.

पहिला, राज्याच्या एखाद्या छोट्या अधिनियमाचं राजपत्रातलं पहिलं आणि शेवटचं पान. दुसरा, शालेय शिक्षण विभागाचा कुठलाही दोन पानी शासन निर्णय, म्हणजे जीआर. तिसरा, उच्च न्यायालयाचा एखादा छोटा आदेश, शक्यतो शासनाविरुद्धच्या जनहित याचिकेतला. खाजगी माणसांची नावं असतील तर झेरॉक्स काढण्याआधी पांढऱ्या पट्टीने झाका. सहा-सहाचे गट केले तर ५४ मुलांना ९ संच लागतात. एका संचात ६ पानं, म्हणजे ५४ झेरॉक्स.

फळ्यावर चारच प्रश्न लिहा: हा कागद कोणी केला? कोणाच्या नावाने काढला? कोणाला लागू आहे? आणि तो कोण बदलू किंवा रद्द करू शकतं?

पहिले तीन प्रश्न मुलं पंधरा मिनिटांत सोडवतात. अधिनियमात 'भारतीय गणराज्याच्या अमुकाव्या वर्षी' अशी सुरुवात सापडते. जीआरच्या वर विभागाचं नाव आणि मंत्रालयाचा पत्ता असतो, मग प्रस्तावना, मग निर्णय, आणि शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. खाली सही मात्र उपसचिव किंवा कक्ष अधिकाऱ्याची. इथे एखादं मूल हमखास विचारतं, "मग राज्यपालांनी सही का नाही केली?" या एका प्रश्नावर नामधारी आणि वास्तविक कार्यकारी प्रमुख हा अख्खा मुद्दा शिकवून होतो (संविधानाचं कलम १६६). न्यायालयाच्या आदेशात 'विरुद्ध' या शब्दाच्या एका बाजूला खुद्द महाराष्ट्र शासनाचं नाव असतं. शासनालाही कोर्टात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, हे तिथे डोळ्यांना दिसतं.

चौथा प्रश्न हा खरा धडा. जीआर शासन स्वतः बदलू शकतं, विधिमंडळ कायदा करून त्याला निरुपयोगी ठरवू शकतं, न्यायालय तो रद्द करू शकतं. अधिनियम मात्र शासनाला जीआर काढून बदलता येत नाही. एवढं कळलं की "जीआर म्हणजे कायदाच" ही समजूत जाते.

एकूण सहा तासिका (प्रत्येकी ३५ मिनिटं) धरल्या आहेत: कागद वाचन १, आकृती आणि चर्चा १, अभिरूप विधानसभा २ सलग, अभिरूप न्यायालय १, उजळणी १. अभिरूप न्यायालयाला तीन न्यायाधीश ठेवावेत असा विचार आहे. तुमच्या सूचना सांगा.

---

काळा_कोट | सोमवार, रात्री १०:३२

ताई, कागदांची कल्पना फार चांगली आहे. न्यायालयाच्या भागात काही दुरुस्त्या सुचवतो, कारण सिनेमामुळे सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

उच्च न्यायालयात रिट याचिका (शासनाच्या कृतीविरुद्ध थेट केलेली याचिका) साधारणपणे दोन न्यायमूर्तींपुढे किंवा एकट्या न्यायमूर्तींपुढे चालते. तीन बसले तर ते पूर्णपीठ. म्हणून दोनच न्यायमूर्ती बसवा आणि तिसरा विद्यार्थी राखीव ठेवा. दोघांचं मत वेगळं पडलं तर प्रकरण तिसऱ्याकडे जातं. कोर्टात खरंच असं होतं आणि मुलांना ते फार आवडतं.

'खंडपीठ' हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी चालतो, तो आधीच सोडवा. 'नागपूर खंडपीठ' म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचं नागपुरातलं पीठ. 'न्यायालयाच्या खंडपीठाने निर्णय दिला' म्हणजे दोन न्यायमूर्तींचं पीठ. बातमी वाचताना मुलं इथे घोटाळतात आणि नागपूर खंडपीठ हे वेगळं उच्च न्यायालय आहे असं समजतात. एकेकाळी ते वेगळं होतंही. १९३६ मध्ये नागपूर उच्च न्यायालय स्थापन झालं. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना झाल्यावर इथे मुंबई उच्च न्यायालयाचं पीठ आलं. मोहम्मद हिदायतुल्ला हे १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले, १९६८ मध्ये देशाचे सरन्यायाधीश, आणि १९६९ मध्ये काही आठवडे कार्यवाहू राष्ट्रपती. एकाच माणसाकडे न्यायमंडळाचं आणि कार्यकारी मंडळाचं प्रमुखपद, पण एकाच वेळी का? मुलांना विचारा. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती ही दोन्ही पदं रिकामी असताना सरन्यायाधीशाने ते काम पाहायचं अशी तरतूद संसदेने १९६९ मध्येच कायद्याने केली होती.

आता वर्गातलं कोर्ट. लाकडी हातोडा नको, 'ऑर्डर ऑर्डर' नको. आपल्या कोर्टात हातोडा वापरत नाहीत. पिंजरा नको, गीतेवर हात नको, साक्षीदारही नको. रिट याचिकेत साक्षीपुरावे सहसा नोंदवत नाहीत, प्रकरण प्रतिज्ञापत्रांवर चालतं. याचिकाकर्त्याने एक पान लिहून द्यायचं, शासनाने एक पान उत्तर द्यायचं, दोन्ही वकिलांना प्रत्येकी चार मिनिटं, न्यायमूर्तींनी मध्येच प्रश्न विचारायचे. मग दहा मिनिटांत निकाल, तोही लेखी. लेखी नसला तर मुलं "आम्हाला असं वाटतं" म्हणून मोकळी होतात. निकालात तीन गोष्टी हव्यातच: कोणतं कलम लागू होतं, ते का लागू होतं, आणि आदेश काय.

अभिरूप विधानसभेत जे विधेयक मंजूर होईल त्यालाच कोर्टात आव्हान द्या, आणि ज्यावर निकाल देता येईल असं काहीतरी त्यात मुद्दाम पेरून ठेवा. नाहीतर कोर्टात दोन्ही बाजू नुसतं चांगलं-वाईट बोलत राहतात. सगळ्यात सोपी चूक म्हणजे मागच्या तारखेपासून शिक्षा. 'हा अधिनियम १ जानेवारीपासून अमलात आला असे मानण्यात येईल आणि त्या तारखेपासूनच्या कृत्यांस दंड होईल' असा खंड टाका. कलम २०(१) त्याला सरळ आडवं येतं. तेरा वर्षांच्या मुलालाही यातला अन्याय कळतो, आणि तो कोणत्या कलमात आहे हे पुस्तकात शोधण्याची गोडी लागते.

---

पटलावर | मंगळवार, सकाळी ७:४८

अभिरूप विधानसभेचे आकडे देतो. ५४ चा वर्ग धरला आहे.

न्यायालयाला ६ (दोन न्यायमूर्ती, एक राखीव, दोन वकील, एक प्रबंधक), प्रशासनाला ३ (सचिव, जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त), १ राज्यपाल, ४ पत्रकार. उरले ४०, ते आमदार. सत्ताधारी २२, विरोधक १८. अध्यक्ष सत्ताधाऱ्यांमधून निवडा, आणि मतदानाने निवडा, शिक्षकांनी नेमू नका.

मंत्री किती? ९१ व्या घटनादुरुस्तीने (२००३) मंत्रिमंडळाला सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. २८८ च्या विधानसभेत ती ४३ येते, मुख्यमंत्री धरून. ४० च्या वर्गात ६. मुलांना हा हिशेब स्वतः करू द्या, मग आकडा डोक्यात राहतो.

गणपूर्तीला, म्हणजे कामकाज चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एकूण सदस्यांच्या एक दशांश किंवा १०, यांपैकी जो आकडा मोठा तो. ४० चा दहावा भाग ४ येतो, म्हणून इथे १० हवेत. खऱ्या विधानसभेत २९.

पत्रकारांचं काम फक्त 'वृत्तांत लिहा' एवढं ठेवू नका. नागपुरात अधिवेशनात पत्रकारांची सोय 'सुयोग' मध्ये असते, हे इथल्या मुलांना ठाऊक असतं. प्रत्येक पत्रकाराने मंत्र्याला एक आणि विरोधी पक्षनेत्याला एक प्रश्न लिहून द्यायचा.

सलग ७० मिनिटांचा कार्यक्रम असा: अध्यक्षांची निवड ५, प्रश्नोत्तराचा तास १५ (तीन तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे प्रश्न, प्रत्येकाला दोन उपप्रश्न), लक्षवेधी सूचना ५, विधेयक ३०, अविश्वास प्रस्ताव १०, आवराआवर ५. विधेयकाच्या वेळात पहिलं वाचन म्हणजे फक्त मांडणं, दोन मिनिटं. दुसऱ्या वाचनात आधी तत्त्वावर चर्चा, मग खंडशः चर्चा आणि सुधारणा. तिसऱ्या वाचनात मतदान. वेळ खाते ती खंडशः चर्चा. विधेयक पाच खंडांपेक्षा मोठं करू नका: संक्षिप्त नाव व प्रारंभ, व्याख्या, मनाई, दंड, नियम करण्याचा अधिकार. सोबत चार ओळींचं उद्दिष्टे व कारणे यांचं निवेदन. काळा कोट सर म्हणतात तो मागच्या तारखेचा खंड पहिल्याच खंडात 'प्रारंभ' मध्ये लपवा. सगळे दंडावर भांडतात, पहिला खंड कोणी वाचत नाही आणि तो तसाच पास होतो. नंतर कोर्टात तो निघाला की वर्गाला कळतं की खंडशः चर्चा कशासाठी असते.

अविश्वास प्रस्तावात एक प्रयोग. अध्यक्ष सुरुवातीला मत देत नाहीत, म्हणून मतं २१ विरुद्ध १८. आधी गुपचूप दोन चिठ्ठ्या द्या: एका सत्ताधाऱ्याने विरोधात मत द्यायचं, दुसऱ्याने गैरहजर राहायचं. मग होतं १९ विरुद्ध १९, आणि अध्यक्षांना निर्णायक मत द्यावं लागतं (कलम १८९). दुसऱ्या वर्गात दोघांनीही विरोधात मत द्या असं सांगा, १९ विरुद्ध २० ने सरकार पडतं. दोन मतांत सरकार गेलेलं पाहिलं की 'विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार' हे वाक्य पाठ करावं लागत नाही. मत फिरवणाऱ्या सदस्यावर पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीखाली अपात्रतेची कारवाई होऊ शकते, ती अध्यक्ष ठरवतात, पण दिलेलं मत मोजलं जातं. हे तेव्हाच सांगा.

राज्यपालाच्या भूमिकेतलं मूल बहुधा कंटाळतं. त्याच्या हातात कलम २०० ची चिठ्ठी द्या: संमती, संमती रोखणं, पुनर्विचारासाठी परत पाठवणं, राष्ट्रपतींसाठी राखून ठेवणं. एक पर्याय निवडून सहीखाली दोन ओळी कारण लिहायचं.

---

मधली_सुट्टी | मंगळवार, दुपारी १:२०

आमच्यासारख्या ग्रामीण शाळांमध्ये सहा तासिका मिळणं कठीण. इतिहास व राज्यशास्त्र मिळून ४० गुणांचा पेपर, त्यात इतिहासाचा भाग मोठा. म्हणून कमी वेळात होणारं सांगते.

पत्त्यांचा खेळ. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर २४ कामं लिहा. फरशीवर खडूने चार चौकोन आखा: कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ, आणि चौथा 'तिन्हींत सरळ बसत नाही'. १२ मिनिटांत लावायचे, मग ८ मिनिटं वाद.

सोपे दहा पत्ते ठेवा: अर्थसंकल्पाला मंजुरी, जातीचा दाखला देणं, जामीन देणं, लसीकरण मोहीम राबवणं वगैरे. खरी मजा पुढच्या पत्त्यांत. राष्ट्रपतींवरचा महाभियोग: संसद चालवते, पण काम न्यायनिवाड्यासारखं. विशेषाधिकार भंगासाठी शिक्षा: तसंच. तहसीलदाराने जमिनीच्या फेरफाराची तक्रार ऐकून निकाल देणं: कार्यकारी अधिकारी, काम निमन्यायिक. उच्च न्यायालयाने स्वतःचे लिपिक नेमणं: न्यायमंडळ, काम प्रशासकीय. अध्यादेश: काम कायद्याचं, करतं कार्यकारी मंडळ. निवडणूक आयोग, लोकसेवा आयोग, महालेखापरीक्षक हे चौथ्या चौकोनात. मुलं निवडणूक आयोग कार्यकारी मंडळात टाकतात. लगेच चूक म्हणू नका, "निवडणूक सरकारच्या हाताखालच्या खात्याने घेतली तर?" एवढंच विचारा.

अध्यादेशाचा पत्ता नीट समजावा. अधिवेशन चालू नसतानाच काढता येतो. सभागृह भरल्यावर तो मांडावा लागतो आणि सहा आठवड्यांत मंजूर झालं नाही तर तो संपतो (कलम २१३). मराठी अध्यादेशात सुरुवातीलाच 'ज्याअर्थी, राज्य विधानमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे अधिवेशन चालू नाही' असं वाक्य असतं. ही ओळ मुलांना शोधायला लावा.

आणखी एक. जुन्या गाइडमध्ये लोकसभा ५४५ आणि विधानसभा २८९ असे आकडे असतात. अँग्लो-इंडियन सदस्यांच्या नेमणुकीची तरतूद जानेवारी २०२० पासून संपली, म्हणून आता ५४३ आणि २८८. जमावबंदीचं 'कलम १४४' सुद्धा बदललं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १६३ आहे. मुलं घरून जुना क्रमांक ऐकून येतात, शिक्षकाने नवा सांगावा.

---

नागनदी | मंगळवार, रात्री ८:५५

काळा कोट सर, दोन अधिक एक न्यायमूर्ती पक्के. पटलावर दादा, आकडे जसेच्या तसे घेते.

दुसऱ्या तासिकेच्या आकृतीबद्दल लिहायचं राहिलं. बहुतेक फळ्यांवर तीन सारखे चौकोन आणि मध्ये बाण असतात. ही आकृती अध्यक्षीय पद्धतीला शोभते, आपल्याला नाही. आपल्याकडे मंत्री हे विधिमंडळाचे सदस्यच असतात, बाहेरचा नेमला तर सहा महिन्यांत सदस्य व्हावं लागतं. राज्यपाल हा विधिमंडळाचा घटकही आहे (कलम १६८), तसेच राष्ट्रपती संसदेचा. म्हणून आकृती अशी काढा: विधिमंडळाचा मोठा चौकोन, त्याच्या आत मंत्रिमंडळाचं वर्तुळ, त्या वर्तुळातून बाहेर निघालेली प्रशासनाची लांब शेपटी (सचिव, आयुक्त, जिल्हाधिकारी, तहसीलदार, तलाठी), आणि वेगळा, कुठेही न चिकटलेला न्यायमंडळाचा चौकोन. कार्यकारी मंडळापासून न्यायमंडळ वेगळं ठेवण्याचं कलम ५० याच रिकाम्या जागेत लिहा.

खाली छोट्या अक्षरांत महापालिका. महापालिका ही चौथी शाखा नव्हे, ती खालची पातळी आहे. 'सत्ताविभाजन' आणि 'सत्तेचं विकेंद्रीकरण' मुलं नेहमी एकत्र करतात. आपल्या महापालिकेचं सभागृह १५१ नगरसेवकांचं. महापौर म्हणजे शहराचा मुख्यमंत्री असं मुलं म्हणतात, पण कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात.

---

वैदर्भी_मातीतला | बुधवार, सकाळी ६:३०

उदाहरण कोणतं घ्यायचं यावर बोलतो. विधेयक कल्पित असू द्या, पण एक खरं प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवाच. शंकरपटाइतकं, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीइतकं, चांगलं प्रकरण विदर्भातल्या मुलांना दुसरं नाही. आपल्या गावोगावी पट भरतो, मुलांनी तो पाहिलेला असतो.

१९६० मध्ये संसदेने प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम केला. २०११ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून बैलाला खेळ-प्रदर्शनासाठी वापरण्यास बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्हींवर बंदीचा निकाल दिला. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने त्या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा, आणि केंद्राच्या कायद्याशी विसंगत, म्हणून राष्ट्रपतींची संमती लागली. तरी उच्च न्यायालयाच्या आदेशाने शर्यती थांबल्या. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले.

भिंतीवर दोरी बांधा, प्रत्येक टप्प्याचा कागद चिमट्याने लावा. कायदेमंडळाचा हिरवा, कार्यकारी मंडळाचा पिवळा, न्यायमंडळाचा पांढरा. दोरी पाहिली की एक गोष्ट समोर येते: निकालानंतर विधिमंडळाने निकाल 'रद्द' केला नाही, ज्या कायद्यावर निकाल उभा होता तो कायदा बदलला. हा फरक नववी-दहावीच्या मुलांना कळतो. शेवटचा पिवळा कागद विसरू नका: आजही पट भरवायला प्रशासनाची परवानगी लागते.

चर्चा 'पट चांगला की वाईट' इकडे गेली तर तास वाया जातो. सुरुवातीलाच सांगा की आज आपण फक्त कोणाला कशाचा अधिकार आहे ते पाहतोय, मतं निबंधात लिहा.

---

काळा_कोट | बुधवार, रात्री ९:४०

शंकरपटाचं उदाहरण उत्तम. त्याला जोडून दोन लहान प्रकरणं देतो.

नायलॉन मांजा. आधार १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम, २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची बंदी, अंमलबजावणी पोलीस आणि महापालिकेकडे. तरी संक्रांतीला गळे कापले जातात म्हणून नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका चालवली. न्यायालय स्वतः दुकानांवर छापे घालत नाही, ज्यांनी घालायचे त्यांना जाब विचारतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हा धडा घेतला तर तो मुलांच्या हातातल्या चक्रीपर्यंत जातो.

दुसरं, १२ आमदारांचं निलंबन. ५ जुलै २०२१ ला विधानसभेने एका वर्षासाठी निलंबन केलं. २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिवेशनापलीकडचं निलंबन घटनाबाह्य ठरवलं. एकीकडे सभागृहाच्या कामकाजाची चौकशी न्यायालयाने करू नये असं कलम २१२ सांगतं, दुसरीकडे हा निकाल. कामकाजातली अनियमितता वेगळी आणि घटनाबाह्य कृती वेगळी, हे दहावीला पुरे. पक्षांची नावं फळ्यावर लिहू नका. नावं लिहिली की अर्धा वर्ग घरचं राजकारण बोलू लागतो.

---

मधली_सुट्टी | गुरुवार, दुपारी २:०५

गोवारींचं प्रकरण कोणी घेतं का? सीताबर्डीवरचं स्मारक मुलं येता-जाता पाहतात, पण ते कशाचं हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

---

वैदर्भी_मातीतला | गुरुवार, रात्री ८:१५

मॅडम, घ्यावं, पण दहावीला आणि जपून. वर्गात त्या समाजाची मुलं असू शकतात. २३ नोव्हेंबर १९९४ ला अधिवेशनावर गेलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी बांधव गेले, त्यांत बायका आणि लेकरं होती. ते आधी सांगून दोन मिनिटं शांत बसा, लगेच कलमांकडे जाऊ नका.

मग प्रश्न मांडा: मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची होती, ती कोण देऊ शकतं? मोर्चा गेला विधिमंडळावर. २०१८ मध्ये नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निर्णय दिला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. राष्ट्रपतींच्या आदेशातल्या यादीत भर घालणं किंवा वगळणं हे फक्त संसदेच्या कायद्याने होतं (कलम ३४२), आणि यादीत 'गोंड गोवारी' अशी नोंद आहे, तिचा अर्थ न्यायालयाने वाढवू नये, असा तो निकाल. कोणाचं दार ठोठावायचं हे न कळण्याची किंमत माणसं मोजतात, हे मुलांना यातून समजतं. मला हा धडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

---

पटलावर | शुक्रवार, सकाळी ७:१०

सहलीचं विचारलं नाही कोणी, पण नागपूरकरांनी हे सोडू नये. तिन्ही शाखांच्या इमारती पायी फिरण्याच्या टप्प्यात असणारी शहरं थोडी. सुरुवात संविधान चौकातून, बाबासाहेबांच्या पुतळ्यापासून. उद्देशिका सगळ्यांनी मिळून वाचायची. मग विधान भवन, तिथून जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा न्यायालय, मग उच्च न्यायालयाची इमारत. बाहेरूनच बघायचं ठेवलं तर दीड-दोन तास, ४० मुलांमागे ४ मोठी माणसं. अधिवेशनाच्या आठवड्यात जाऊ नका, रस्ते बंद असतात. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा किंवा जानेवारी बरा. प्रेक्षक सज्जातून कामकाज पाहायचं असेल तर पास लागतो, त्यासाठी स्थानिक आमदारांकडे शाळेच्या लेटरहेडवर यादीसह लवकर पत्र द्या. न्यायालयात आत जायचं असेल तर प्रबंधक कार्यालयाची लेखी परवानगी घ्या, मोबाइल शाळेतच ठेवा.

प्रत्येक इमारतीसमोर मुलांनी फलक वहीत उतरवायचा आणि खाली एक वाक्य: 'इथे काय होऊ शकत नाही?' विधान भवनासमोर 'इथे फौजदारी खटला चालत नाही', कोर्टासमोर 'इथे नवा कर लागत नाही'. काय होतं हे पुस्तकात असतंच.

---

नागनदी | शुक्रवार, रात्री ९:२५

'काय होऊ शकत नाही' हा प्रश्न मी मूल्यमापनातही घेते. दहा गुणांची चाचणी अशी ठरवली:

एक बातमीचा परिच्छेद, सहा-सात ओळींचा. त्यात कोणत्या शाखेने काय केलं ते ओळखणं (३). त्यातली दुसरी शाखा आता कोणतं पाऊल उचलू शकते, कलम किंवा नियम सांगून (३). कोणतं पाऊल कोणालाच उचलता येणार नाही आणि का (२). 'विधेयक, अधिनियम, नियम, शासन निर्णय, न्यायालयाचा आदेश' यांपैकी दोन शब्दांतला फरक, प्रत्येकी एका वाक्यात (२).

उत्तरात 'सरकारने' हा शब्द आला तर अर्धा गुण कापायचा आणि समासात लिहायचं: 'कोणी? मंत्रिमंडळाने, विधिमंडळाने की अधिकाऱ्याने?' हे वर्गात आधी सांगून ठेवा, नाहीतर मुलं नाराज होतात. 'शासन', 'प्रशासन' आणि 'सरकार' हे शब्द एकाच अर्थाने वापरायची सवय आपल्या वर्तमानपत्रांनाही आहे, त्यामुळे ती जायला वेळ लागतो.

---

मधली_सुट्टी | शुक्रवार, रात्री १०:०२

आणि एकच तासिका मिळाली तर?

---

नागनदी | शुक्रवार, रात्री १०:२०

तर फक्त जीआरचं शेवटचं पान. प्रत्येक बाकावर एक. 'राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने', खालची उपसचिवांची सही, आणि त्याखालची 'प्रत' ची यादी: कोणाकोणाला पाठवलं, त्यात आपली शाळा कुठल्या ओळीत येते ते मुलांनी शोधायचं. शिक्षणाधिकारी, मग मुख्याध्यापक. मंत्रालयातून निघालेला कागद वर्गापर्यंत कोणत्या हातांतून येतो ते बोटाने दाखवता येतं. उरलेली दहा मिनिटं चौथ्या प्रश्नाला: हा कागद कोण रद्द करू शकतं?